कुत्र्याचे केस आणि घराची झाडलोट



आजचा विषय ऐकून काहीजण गालातल्या गालात हसतील. पीकपाणी, खत-बियाणे सोडून हे कुत्र्याच्या केसांचे काय काढले, असे म्हणतील. पण ज्या घरात कुत्रा आहे, त्या घरातल्या माउलीला विचारा. ती हसणार नाही. सतरंजीवर केस, गोधडीवर केस, वाळत घातलेल्या धोतरावर केस, आणि एखादे दिवशी पिठाच्या परातीतसुद्धा केस! दिवसातून तीनदा झाडू फिरवावा, तरी चौथ्यांदा कोपऱ्यात केसांचा पुंजका आहेच.

मग घरात बोलणी सुरू होतात. कोणी म्हणते, "द्या त्याला माळावर सोडून." कोणी म्हणते, "उन्हाळा आहे, भादरून टाका सगळा." कोणी ट्रॅक्टरचे जळके ऑईल आणून त्याच्या अंगाला फासतो. या तिन्ही उपायांत राखणदार मुका जीव हकनाक मरणाच्या दारी जातो, आणि घरातली अडचण आहे तशीच राहते.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गळणारा केस दोन प्रकारचा असतो. एक ऋतूचा, दुसरा रोगाचा. ऋतूच्या केसाला फणी लागते, रोगाच्या केसाला डॉक्टर लागतो. झाडू काय किंवा हल्ली निघालेले धूळ ओढणारे विजेचे यंत्र काय, ते या दोन्हींच्या नंतरचे. हा क्रम चुकला, की पैसाही जातो आणि कुत्राही जातो.

केस का गळतात?

झाडाचे पान जसे फुटते, वाढते, पिकते आणि गळते, तसेच केसाचे आहे. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग त्याची वाढ थांबते, तो काही दिवस नुसता मुळाशी टिकून राहतो, आणि शेवटी खालून नवा केस आला की सुटून पडतो. माणसाच्या डोक्यावर वाढते केस जास्त असतात. बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर मात्र वाढ थांबलेले, गळायला टेकलेले केस जास्त असतात. साहजिकच त्यांचा सडा अधिक पडतो.

शिवाय पुष्कळ कुत्र्यांच्या अंगावर दोन थर असतात. वरचा थर जाड, राठ केसांचा. तो पाऊस आणि धूळ अडवतो. आतला थर मऊ, दाट लव असते. ती थंडी-वारा अडवते. लॅब्राडॉर, आल्सेशियन, पॉमेरियन ही सगळी अशी दुहेरी केसांची कुत्री. आपल्या लातूर, धाराशिवकडची उंच, सडपातळ, शिकारी कारवान कुत्री आखूड केसांची. तिच्यातल्याच ज्यांच्या कानाशेपटीवर रेशमी झालर असते त्यांना पश्मी म्हणतात. गावातली साधी कुत्रीही बहुधा आखूड केसांचीच. केस आखूड म्हणजे गळत नाहीत असे मात्र नव्हे. आखूड केस सुईसारखा कापडात रुततो आणि निघता निघत नाही, एवढाच फरक. पूडल नावाची एक कुरळ्या केसांची जात आहे, तिचे केस फार कमी गळतात. पण ते वाढतच राहतात, म्हणून वरचेवर कापावे लागतात. सारांश, बिनकष्टाचे कुत्रे कोणतेच नाही.

गळण्याचा हंगाम ठरवतो तो मुख्यतः दिवसाचा उजेड. दिवस लहानमोठा होऊ लागला, की शरीराला ऋतू बदलल्याची वर्दी मिळते. उन्हाळ्याच्या तोंडावर हिवाळ्याची लव सुटते, आणि हिवाळ्याआधी जुना थर जाऊन नवा येतो. गुरुजींनी वर्गात ही गंमत सांगावी : पुण्याला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सर्वांत लहान दिवसापेक्षा सुमारे २ तासांनीच मोठा असतो, लंडनला हा फरक ८ तासांहून अधिक आहे. तेव्हा थंड मुलखात जशी दोन ठळक सुगी येतात तशी आपल्याकडे येतीलच असे नाही. त्यातून घरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असले, म्हणजे कुत्र्याच्या शरीराचे पंचांगच बिघडते, आणि ते बारमाही थोडे थोडे गळत राहते. व्यालेल्या कुत्रीचे केसही काही आठवड्यांनी खूप गळतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

ऋतूचा की रोगाचा?

हे ओळखायला डॉक्टरच हवा असे नाही. उजेडात बसून पाच मिनिटे कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवा. केस सगळीकडून सारखे विरळ होत असतील, खालची कातडी स्वच्छ व मऊ असेल, कुत्रे नीट जेवत-खेळत असेल, तर तो ऋतूचा केस. निश्चिंत राहा.

पण केस चकत्याचकत्यांनी जात असतील, कातडी लाल, जाड किंवा खपलीदार झाली असेल, वास येत असेल, कुत्रे दिवसरात्र खाजवत असेल, तर तो रोगाचा केस. कानाच्या कडा, कोपर आणि पोट इथून सुरुवात होऊन भयंकर खाज असेल, तर लूत समजावी. लूत म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक किडा. तो कातडीत बीळ करून राहतो. तो कुत्र्यावरून माणसाच्या अंगावरही येतो आणि खाज व पुरळ उठवतो. माणसाच्या अंगावर तो कायमचे बिऱ्हाड करीत नाही. पण कुत्र्यावर उपचार होईपर्यंत घरातल्या पोरांची खाज काही थांबत नाही. गोल चकती पडून केस तुटल्यासारखे दिसत असतील, तर ती बुरशी, म्हणजे आपला नायटा. तोही मुलांना लागतो. लहान पिलाच्या डोळ्यांभोवती किंवा पुढच्या पायांवरचे केस जाऊन फारशी खाज नसेल, तर तो दुसऱ्याच एका किड्याचा प्रताप असू शकतो. तो माणसाला लागत नाही. गोचीड आणि पिसवा तर आपल्या ओळखीच्याच आहेत. गोचीड नुसते रक्त पीत नाही, ते तापही देते. अशा वेळी कुत्रे मलूल होते, जेवण टाकते.

यांतला नेमका कोणता रोग, हे कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कळते. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जावे. आज लुतीवर आणि गोचिडांवर चांगल्या गोळ्या व औषधे आहेत, आणि हाडांचा सापळा झालेले लुतभरे कुत्रे महिना-दोन महिन्यांत पुन्हा केसाळ झालेले पाहायला मिळते. गेलाच आहात, तर पिसाळण्याविरुद्धची वार्षिक लस आणि जंताचे औषधही त्याच फेरीत उरकून घ्या.

हे करू नका

पहिले, जळके ऑईल लावू नका. ते विषारी असते. कातडीतून आत जाते, आणि कुत्रे अंग चाटते तेव्हा पोटातही जाते. जखमेवर तर ते आगच पाडते. रॉकेलचीही गत तीच.

दुसरे, गुरांचे औषध कुत्र्याला अंदाजाने देऊ नका. गुरांना जंतांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन काही कुत्र्यांच्या जिवावर उठते. कॉलीसारख्या मेंढपाळी जातींत एक उपजत दोष असतो, त्यामुळे हे औषध त्यांच्या मेंदूत शिरते. गोठ्यात फवारायचे गोचिडाचे औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुत्र्याच्या अंगाला लावू नये. घरात मांजर असेल तर अधिकच जपावे, कारण यांतली काही औषधे मांजराला मुळीच सोसत नाहीत.

तिसरे, दुहेरी केसांचे कुत्रे उन्हाळ्यात वस्तऱ्याने भादरू नका. आपल्याला वाटते त्याला गार वाटेल. पण तो थर घराच्या माळवदासारखा असतो. थंडीत ऊब धरतो, तसाच तो उन्हाची तिरीपही अडवतो. थर गेला की उघडी कातडी पोळते, आणि पुढे केस येतात तेही कधी ठिगळाठिगळांनी येतात. आतली मोकळी लव फणीने काढली म्हणजे वारा कातडीपर्यंत पोचतो, तेवढे पुरे. बाकी सावली आणि गार पाणी द्यावे.

रोजचा खरारा

घोड्याला खरारा करतात हे आपण पाहिले आहे. कुत्र्याला खरारा करायला कोणाचे हात दुखावेत? सुगीच्या दिवसांत रोज दहा मिनिटे, एरवी आठवड्यातून दोनदा. आखूड केसांना रबराचा दातेरी ब्रश किंवा रबरी हातमोजा बरा. दाट लवेच्या कुत्र्याला विरळ दात्यांची धातूची फणी घ्यावी, आणि केसांच्या वळणाने, हलक्या हाताने ओढावी. कातडी ओरबाडता कामा नये. हे काम अंगणात, घरापासून दूर करावे. अंगणात फणीने निघालेला मूठभर केस म्हणजे घरात न पडलेला मूठभर केस, हा साधा हिशेब आहे.

अंघोळीआधी फणी फिरवावी, नंतर नव्हे. नाहीतर मोकळी लव भिजून तिच्या गाठी बसतात. साधारण महिन्यातून एकदा अंघोळ पुरे. कपड्याचा साबण लावू नये. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. त्या साबणाने ती कोरडी पडते, खाजते आणि केस आणखी गळतात.

खाण्याकडेही पाहावे. केस हा प्रथिनांचा बनलेला असतो. नुसत्या शिळ्या भाकरीवर ठेवलेल्या कुत्र्याच्या अंगावर तुकतुकी कुठून येणार? जोडीला शिजवलेले अंडे किंवा थोडे मांस-मासळी द्यावी. कांदा-लसणाचा रस्सा मात्र घालू नये. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आणि एक सूचना मेंढपाळ बंधूंना. शेळी-मेंढी कापल्यावर तिचे काळीज-फुप्फुस कच्चेच कुत्र्यापुढे टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी होतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात, आणि आपल्या हाताने आपल्याच तोंडात जातात. मग माणसाच्या काळजात पाण्याने भरलेली गाठ वाढते. म्हणून खरारा झाला की साबणाने हात धुणे ही नुसती टापटीप समजू नका. तो रोगाचा बंदोबस्त आहे.

झाडू, ओले फडके आणि यंत्र

आता घरात जे केस पडलेच, त्यांचे काय करायचे? कोरड्या झाडूने ते निम्मे उडतात आणि दुसरीकडे बसतात. त्यांच्याबरोबर उडतो कुत्र्याच्या कातडीचा कोंडा. ज्यांना कुत्र्यामुळे शिंका, दमा होतो, त्यांना तो खरे पाहता केसामुळे होत नाही. कोंड्यात आणि लाळेत असलेल्या काही प्रथिनांमुळे होतो. केस हे त्यांचे वाहन. म्हणून फरशीवर ओले फडके फिरवावे. सतरंजीवर, गादीवर किंचित ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने ओढावा. केसांची वळकटी होऊन हातात येते. कुत्र्याला स्वतःचे एक जाड पोते किंवा जुनी घोंगडी द्यावी, ती रोज अंगणात झटकावी आणि आठवड्याने गरम पाण्यात धुवावी. निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

हल्ली शहरातली मुले गावी विजेचे धूळ ओढणारे यंत्र, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, पाठवतात. त्याचे तत्त्व सोपे आहे. आतला पंखा हवा मागून बाहेर फेकतो, त्यामुळे पुढे हवेचा दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा तिथे धाव घेते. तिच्या लोंढ्यात धूळ-केस वाहत येतात. १९०१ साली इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी असे यंत्र केले, ते इतके मोठे की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभे करीत आणि खिडकीतून लांब नळ्या आत सोडीत. १९०२ साली सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीचे गालिचे त्याने स्वच्छ केले. पण घरोघर पोचले ते दुसऱ्याच एकाचे यंत्र. अमेरिकेत ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर नावाचे गृहस्थ एका दुकानात झाडलोट करीत. त्यांना दमा होता, आणि झाडताना उडणारी धूळ सोसवेना. त्यांनी पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हलके यंत्र केले आणि १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. त्यात पुढे एक फिरता ब्रश होता. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण केसांसाठी यंत्र घेताना तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

निवड कशी करावी?

एक. तोंडाशी फिरता ब्रश हवा. धूळ नुसत्या हवेने निघते. केस कापडाच्या विणीत अडकलेला असतो, त्याला आधी उकरावे लागते. ब्रश सहज सुटा होणारा हवा, कारण त्याला गुंडाळलेले केस आठवड्याला कात्रीने कापून काढावे लागतात. जमीन नुसती फरशीची असेल, तर साधे तोंडही चालते.

दोन. वॉट पाहून भुलू नका. वॉट म्हणजे यंत्र वीज किती खाते, ते केर किती काढते ते नव्हे. युरोपीय संघाने अशा यंत्रांवर २०१४ साली १६०० आणि २०१७ साली ९०० वॉटची कमाल मर्यादा घातली, आणि तरी तिथले गालिचे स्वच्छ होतातच.

तीन. घरातले पॉइंट तपासा. २३० व्होल्टला ६ अँपिअरचा लहान पॉइंट फार तर १३८० वॉट सोसतो. त्याहून मोठ्या यंत्राला १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवे. घरच्या लहान इन्व्हर्टरवर असे यंत्र चालवू नये. बॅटरीवरची यंत्रे भारनियमनात सोयीची, पण पूर्ण जोरावर लावली की थोड्याच मिनिटांत बसतात. मोठ्या घराला ती पुरत नाहीत.

चार. घरात दमेकरी असेल तर 'हेपा' गाळणी असलेले आणि पिशवीचे यंत्र घ्या. चांगली हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढे, शंभरातले ९९.९७ कण अडवते. पिशवी तोंड बांधून टाकता येते. बिनपिशवीचा डबा झटकताना कोंडा पुन्हा नाकात जातो. तो झटकायचाच असेल तर बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून झटकावा.

पाच. पिशवी, गाळणी आणि ब्रशचा पट्टा तालुक्याच्या गावी मिळतो ना, हे दुकानदाराला आधी विचारा. आणि मूठभर कुत्र्याचे केस बरोबर न्यायला लाजू नका. ते घोंगडीच्या तुकड्यात पायाने रगडा आणि म्हणा, "आता हे काढून दाखवा." छापील जाहिरातीपेक्षा ही परीक्षा खरी.

आणि दोन पथ्ये. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हे यंत्र फिरवू नका. ते जमिनीचीच माती ओढते आणि गाळणी चोंदते. तिथे आपला झाडू आणि पाण्याचा शिपका बरा. चुलीची राख तर कधीच ओढू नका. आत एखादा निखारा जिवंत असला तर पिशवी पेटते. यंत्राच्या आवाजाला कुत्री घाबरतात, म्हणून सुरुवातीला ती बाहेर असतानाच ते चालवावे.

विजेचा हिशेब गुरुजींनी मुलांकडून करून घ्यावा : १००० वॉटचे यंत्र रोज १५ मिनिटे चालले तर ३० दिवसांत किती युनिटे? उत्तर साडेसात. आणि रोज दहा मिनिटे खरारा केला तर? उत्तर शून्य.

मंडळी, यंत्र घेणे न घेणे हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न. पण यंत्र कितीही चांगले असले, तरी ते पडलेला केस उचलते. तो का पडला, हे ते सांगत नाही. कुत्र्याच्या कानामागे पडलेली पहिली चकती दिसते ती रोज अंगावरून हात फिरवणाऱ्यालाच. ती वेळेवर दिसली, तर औषधाने भागते; उशिरा दिसली, तर कुत्रे लुतीने झिजते आणि घरातली पोरे खाजवत बसतात. तेव्हा आज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, चांगला उजेड असताना, आपल्या कुत्र्याला अंगणात बोलवा आणि एकदा नीट पाहून घ्या. मुलांनाही जवळ बसवा.